पासष्टी ओलांडली की उत्पन्न वाढते काय?



पेरणीच्या तोंडावर एका गावात सोयाबीनच्या उगवणशक्तीचे प्रात्यक्षिक घेतले. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे कसे मांडायचे, किती उगवले म्हणजे बियाणे चांगले, हे दाखवून झाले. मंडळी पांगली. मी मोटारसायकलला किक मारणार तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. म्हणाली, "साहेब, एवढं वाचून सांगा की काय लिहिलंय."

काम माझ्या खात्याचे नव्हते. पण गावात पॅन्ट-शर्टातला माणूस दिसला की तो सरकारचाच, असे लोक धरतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. कागद वाचला. श्रावणबाळ योजनेचा अर्ज नामंजूर झाला होता. कारण काय? उत्पन्नाच्या दाखल्यावर वर्षाचे उत्पन्न ३० हजार रुपये लिहिलेले. मर्यादा २१ हजारांची.

बाई एकटी राहते. जमीन नाही. खुरपणी, कापूस वेचणी, सोयाबीन काढणी, जे मिळेल ते करते. त्याआधी तिला लाडकी बहीण योजनेचे दीड हजार येत होते. वयाची ६५ वर्षे झाली, ते बंद पडले. मग कोणीतरी सांगितले, आता श्रावणबाळचा अर्ज भर. तो भरला तर हे उत्तर. मी समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हातारी झाले म्हणून मी श्रीमंत झाले व्हय?"

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. म्हणून हा लेख.

आधी हिशोब बघा. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत वयाची अट २१ ते ६५ वर्षे आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना. तिथे दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर उत्पन्नाची मर्यादा २१ हजार. दोन्हीकडे मिळणार महिन्याला दीड हजारच. म्हणजे घर तेच, चूल तीच, बाई तीच. फक्त वाढदिवस झाला आणि मर्यादा अडीच लाखांवरून २१ हजारांवर आली. काम करण्याची ताकद होती तेव्हा दार मोठे होते. कंबर वाकली तेव्हा दार इतके लहान केले की वाकूनही आत जाता येऊ नये.

संजय गांधी निराधार योजनेलाही हीच २१ हजारांची अट आहे. (दिव्यांगांचे निकष वेगळे आहेत, ते येथे घेत नाही.) आणि दारिद्र्यरेषेची यादी म्हणाल तर तिचा ग्रामीण पाहणीचा पाया २००२ सालचा. त्यानंतर जी बाई विधवा झाली, ज्याचे घर नंतर मोडले, त्याचे नाव त्या यादीत यायचे कुठून?

आता हे २१ हजार म्हणजे किती? महिन्याला १,७५० रुपये. दिवसाला साडेसत्तावन्न. तेही एका माणसाचे नव्हे, सगळ्या कुटुंबाचे. २०२४-२५ साली आपल्या राज्यात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. त्या दराने माणूस ७० दिवस कामावर गेला तर २०,७९० रुपये होतात. ७१ व्या दिवशी २१,०८७. म्हणजे ७१ व्या दिवशी घमेले उचलले की तो सरकारच्या लेखी निराधार राहिला नाही! आणि कायद्याने हमी होती ती १०० दिवसांची, म्हणजे २९,७०० रुपयांची. सरकारने एका हाताने दिलेली हमी पुरी घेतली तर दुसऱ्या हाताची मदत जाते. ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी केली आणि १९७७ साली तिचा कायदा केला, त्या महाराष्ट्रात हा हिशोब कोणाच्या नजरेस येऊ नये?

मजुरीचा दर वाढत आला. डाळ, तेल, गॅस, एसटीचे तिकीट, सगळे वाढले. मर्यादा आहे तिथेच. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ८० वर्षांखालच्या माणसासाठी केंद्राचा वाटा २००७ साली २०० रुपये होता, तो तसाच राहिला. राज्याने आपल्या पैशातून भर घातली म्हणून रक्कम दीड हजारांवर गेली, हे राज्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण रक्कम वाढवली आणि दार तेवढेच ठेवले तर फायदा कोणाला?

आता दुसरी बाजू घेऊ. सरकार फक्त गरिबालाच मदत करते असे नाही. उद्योगांनाही करते आणि ते काही आजचे नाही. सामूहिक प्रोत्साहन योजना महाराष्ट्रात १९६४ पासून आहे. मुंबई, ठाणे, पुणे सोडून कारखाने मागास भागात जावेत, हा तिचा हेतू. हेतू चांगलाच आहे. आपल्या तालुक्याच्या एमआयडीसीत चार शेड उभ्या राहिल्या तर आपलीच पोरे तिथे कामाला जातात.

पण तिथे मर्यादा कशी ठरते ते बघण्यासारखे आहे. २०१९ च्या योजनेत तालुक्यांचे गट पाडले होते. जितका तालुका मागास तितकी सवलत जास्त. एकाच कारखान्याला मुद्रांक शुल्क माफ, वीज शुल्क माफ, कर्जाच्या व्याजाला अनुदान, वीजदरात सवलत, शिवाय राज्य जीएसटीशी जोडलेले प्रोत्साहन अनुदान, असे एकावर एक मिळू शकत होते. एकूण मर्यादा होती, पण ती रुपयांत गोठवलेली नव्हती. कारखानदाराने जेवढी गुंतवणूक केली तिच्या टक्क्यांत ती होती. गुंतवणूक वाढली की मर्यादाही वाढली. आणि प्रकल्प फारच मोठा असला तर त्याला कोणत्या सवलती द्यायच्या हे मंत्रिमंडळाची उपसमिती स्वतंत्रपणे ठरवते.

इकडे आपल्याकडे काय? एका योजनेचे मिळाले की दुसऱ्याचे कापायचे. शेतकरी बाईला पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार मिळाले, म्हणजे महिन्याला हजार झाले, म्हणून लाडक्या बहिणीचे तिला पाचशेच. एकाच घरात दुहेरी लाभ नको, हे तत्त्व म्हणून मी समजू शकतो. पण मग ते तत्त्व फक्त लुगड्याच्या पदरालाच का? कारखान्याच्या खात्याला का नाही?

केंद्राचेही तसेच. २०१९ सालच्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. पीएम किसान सुरू झाली, २०१९-२० च्या अंदाजपत्रकात तिला ७५ हजार कोटी ठेवले. अटी किती? १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन नावावर हवी. घरात आयकर भरणारा नको. दहा हजार किंवा जास्त निवृत्तिवेतन घेणारा नको. पुढे आधार जोडा, ई-केवायसी करा, सातबारा जोडा, बँक खाते जोडा. यातल्या प्रत्येक जोडाजोडीला मी शिबिरे घेतली आहेत. अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्यांना यंत्रावर पाच-पाच वेळा बोट ठेवायला लावले आहे. त्याच वर्षी २० सप्टेंबरला कंपन्यांचा मूळ आयकर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखानदारी कंपन्यांना १५ टक्के केला. बाकीच्या करसवलती सोडा, एवढी मुख्य अट. सरकारचे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न कमी होईल, असे अर्थमंत्र्यांनीच तेव्हा सांगितले. म्हणजे किसान योजनेच्या जवळजवळ दुप्पट. शेतकऱ्याला दिले ते अनुदान म्हणून मोजले जाते. कंपनीला सोडले ते प्रोत्साहन म्हणून. तिजोरीला दोन्ही सारखेच.

आता वाचक मनात म्हणतील, वा, साहेब बरोबर बोलला, सगळा मलिदा कारखानदारांना! थांबा. आपणही थोडे आरशात बघू.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. पाच एकरवाल्याला नाही, पन्नास एकर बागायतवाल्यालाही नाही. एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत केली. त्याला उत्पन्नाचा दाखला लागला का? नाही. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याच्या पंपाला मोफत वीज. त्याच पाण्यावरच्या उसात जी बाई खुरपायला येते, तिला मात्र तहसीलला जाऊन सिद्ध करायचे आहे की आपण दिवसाला साडेसत्तावन्न रुपयांपेक्षा जास्त कमावत नाही. मी हे मोफत विजेच्या विरोधात म्हणत नाही. शेती तोट्यात आहे हे मी रोज बघतो. पण ज्याच्याकडे काहीतरी आहे, मग ते शेत असो की कारखाना, त्याला सरकार फार विचारीत नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्याचीच झडती जास्त, असा हा रिवाज पडला आहे. आणि त्या रांगेत आपण कारखानदाराच्या मागेच उभे आहोत, त्या म्हातारीच्या मागे नाही.

या मर्यादेने आणखी एक नुकसान केले आहे. ते कोणी लिहीत नाही, पण गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कोणत्याही गावचे उत्पन्नाचे दाखले काढून बघा. अर्ध्या गावाचे उत्पन्न २१ हजार! ना वीस, ना बावीस. तलाठी भाऊसाहेबांना (त्यांचे सरकारी नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे) माहीत असते की आकडा खरा नाही. सरपंचांना माहीत असते. सही करणाऱ्याला माहीत असते. खरा लिहिला तर गरीब उपाशी राहतो, खोटा लिहिला तर नोकरीवर टांगती तलवार. भला माणूस दयेपोटी खोटे लिहितो. दुसरा त्याच खोट्याचे पैसे घेतो. आणि एकदा खोट्याचे दार उघडले की त्यातून ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे तोही आत शिरतो. त्या म्हातारीचा गुन्हा एवढाच, की तिच्या गावचा नवा माणूस सरळ होता आणि त्याने खरे लिहिले. ज्या नियमामुळे खरे बोलणारा मारला जातो, तो नियम चोराला अडवत नाही, सज्जनालाच अडवतो.

काही अधिकारी मित्र म्हणतात, मर्यादा वाढवली तर अर्ज किती येतील, पैसा कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. मर्यादा असूच नये असे माझे म्हणणे नाही. तिजोरीला तळ असतोच आणि गरजू कोण हे ठरवावेच लागते. पण ती मर्यादा जगण्याशी जोडलेली हवी. रेशनच्या प्राधान्य कुटुंबासाठी याच राज्याने ग्रामीण भागात ४४ हजारांची मर्यादा धरली. लाडक्या बहिणीसाठी अडीच लाखांची. एकाच सरकारच्या तीन कार्यालयांत गरिबीची तीन मापे आहेत आणि सर्वात लहान माप सर्वात म्हाताऱ्या माणसाला लावलेले आहे.

मग करायचे काय? नुसते पारावर बसून सरकारला बोल लावण्याने काही होत नाही. तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, जी ग्रामसभा पुढे येईल तिच्यात ठराव घ्या. मागणी एकच ठेवा : निराधार आणि श्रावणबाळ योजनेची उत्पन्न मर्यादा निदान रोजगार हमीच्या १०० दिवसांच्या मजुरीपेक्षा वर असावी आणि मजुरीचा दर बदलला की तीही आपोआप बदलावी. कारखान्याची मर्यादा गुंतवणुकीबरोबर वाढते, तशी गरिबाची मजुरीबरोबर वाढू द्या. ठरावाची प्रत पंचायत समिती, तहसीलदार आणि आमदार, तिघांकडे पाठवा आणि पोच घ्या.

दुसरी. निराधार, घरकुल, रेशन यांच्या याद्या आपल्या पंचायतीच्या फळ्यावर लागतात. चांगली गोष्ट आहे. तशीच आपल्या तालुक्यातल्या कोणत्या उद्योगाला किती सवलत मिळाली, त्याने किती स्थानिक पोरांना काम दिले, ही माहिती जिल्हा उद्योग केंद्राकडे मागा. प्रोत्साहन योजनेत ८० टक्के स्थानिकांना रोजगाराची अट असते. ती पाळली का, हे विचारण्यासाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. यात कोणाशी वैर नाही. ज्याने अट पाळली त्याचा ग्रामसभेत नारळ देऊन सत्कार करा.

तिसरी. पासष्टी जवळ आलेल्या बायका-पुरुषांची यादी ग्रामपंचायतीने आतापासूनच काढून ठेवावी. वयाचा पुरावा, आधारवरची जन्मतारीख, बँकेचे खाते हे आधीच नीट केले तर एक योजना बंद पडून दुसरी सुरू होईपर्यंतचे महिने कोरडे जाणार नाहीत. हे काम कुठल्या शासन निर्णयाची वाट न बघता करता येते.

त्या म्हातारीचा अर्ज पुन्हा भरायला मी गावच्या ग्रामसेवकांना सांगून आलो. ते म्हणाले, "साहेब, भरतो. पण उत्पन्न किती लिहायला सांगू?" मी काय सांगणार? खरे लिहा म्हटले तर अर्ज पुन्हा परत येणार. खोटे लिहा म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

या प्रश्नाचे उत्तर तुमच्या ग्रामसभेच्या ठरावातून यावे, एवढीच विनंती.