देव्हाऱ्यातलं चक्र, पायाखालचं चक्र

इटलीतल्या व्हेरोना शहरात माणसं जातात ती ज्युलिएटची बाल्कनी बघायला. आमच्या ट्रिपलाही तीच घाई. ती बाल्कनी विसाव्या शतकात बसवलेली आहे हे कुणी सांगत नाही, पण गर्दी बघाल तर आपल्या जत्रेसारखी! मला मात्र त्या जुन्या शहरातली फरशी भावली. तांबूस-गुलाबी, पायांनी घासून तुळतुळीत झालेली. आणि त्यात मधेच वेटोळी चक्रं, काही तर वीतभर रुंद. कुणी कोरलेली नाहीत बरं का, ते अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचे जीवाश्म आहेत.

हा प्राणी आपल्या कोकणातल्या माकुलाचा लांबचा नातेवाईक. शंखात एकामागून एक खोल्या. स्वतः राहायचा फक्त शेवटच्या, सगळ्यात मोठ्या खोलीत. मागच्या खोल्यांत हवा, म्हणजे तरंगायला सोपं. मेला की शंख तळाच्या गाळात रुतायचा. सुमारे १५ ते १७ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या गाळाचा दगड झाला, समुद्रतळ उचलला जाऊन डोंगर झाले आणि त्या डोंगरांतल्या खाणींतून फरश्या निघाल्या. पहिल्या शतकातल्या तिथल्या रोमन रंगमंडलातही हाच तांबूस दगड आहे.

ते चक्र कुठंतरी पाहिलंय असं वाटत होतं ना, ते आपल्या देव्हाऱ्यात! शाळिग्राम म्हणजे अमोनाइटच. नेपाळात काली गंडकीच्या पात्रात सापडणारा, काळा. हिमालय जिथे आहे तिथे पूर्वी टेथिस नावाचा समुद्र होता. व्हेरोनाचा गाळही त्याच समुद्राचा, पार दुसऱ्या टोकाचा. गंमत म्हणजे अमोनाइट हे नावही देवाचंच, मेंढ्याची शिंगं असलेल्या आमोन या इजिप्तच्या देवाचं. (आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात मात्र हे शोधू नका. तो लाव्हाचा. तो लाव्हा वाहत होता त्याच सुमाराला, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, अमोनाइट संपले.)

आता मनात आहे ते बोलते. आमच्या घरात शाळिग्रामाला बायकांनी हात लावायचा नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणींकडेही हेच असेल. मुंज झालेल्या आठ वर्षांच्या पोराला चालतं. त्याच देवाचा नैवेद्य रांधणाऱ्या, चाळीस वर्षं देव्हारा पुसणाऱ्या बाईला नाही. आणि तिकडे बायका उंच टाचांच्या चपला घालून त्याच चक्रांवरून टकटक चालल्यात, हातात आइस्क्रीम!

नाही, देवावर पाय द्या असं मी म्हणत नाहीये. फरशी ती फरशी, देव तो देव. दगडाला देवपण माणसाच्या भावनेनं येतं, हे मला पूर्ण मान्य आहे. पण मग ती भावना बाईची असली की बाटते कशी? दगड तर कोट्यवधी वर्षं चिखलात पडला, डोंगराखाली दबला, नदीनं त्याला गोट्यासारखं गडगडवलं. तेव्हा कुठे गेलं होतं सोवळं?

आणि आपल्या पुराणातली गोष्ट तरी काय सांगते? वृंदेची फसवणूक झाली, तिनं विष्णूला शाप दिला की तू दगड होशील. तोच शाळिग्राम. म्हणजे एका बाईच्या शब्दामुळे जो घडला, त्याला बाईचाच हात वर्ज्य! दर कार्तिकात तुळशीचं लग्न लावताना ही कथा आपण ऐकतो, मान डोलावतो आणि चिरमुरे वाटायला उठतो.

यंदा लग्नाच्या दिवशी शाळिग्राम ताम्हनात मीच घेणार, असं सासूबाईंना सांगून टाकलं. अमोनाइटचीही सगळी हकिगत सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आधी तू घे. मग माझ्या हातात दे."