जी तारीख, तो अध्याय

दिवेलागणीनंतर घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसायचे, पवित्र शास्त्रातला एक अध्याय मोठ्याने वाचायचा, 'उपासना संगीत'मधले एखादे गीत म्हणायचे आणि प्रार्थना करून जेवायला उठायचे, ही मराठी ख्रिस्ती घरांची जुनी रीत. नगर, सोलापूर, जालना, मिरज, पुणे, जिथे जिथे मंडळ्या उभ्या राहिल्या तिथे तिथे ती घराघरांत रुजली. वसईच्या घरांत रोजरीची वेळ ठरलेली असायची, तशीच ही वेळही ठरलेली. आज ती रीत मोडकळीला आली आहे. बायबल घरात आहे, पण शोकेसमध्ये. वचन भिंतीवरच्या कॅलेंडरवर आहे, पण ते वाचून कुणी कुणाला काही विचारत नाही. रविवारच्या उपदेशावर अख्खा आठवडा काढायची आपल्याला सवय लागली आहे.

बंधुभगिनींनो, ही रीत आपण वाचवली पाहिजे, आणि ती नीतिसूत्रांच्या पुस्तकापासून वाचवायला घेतली पाहिजे. या पुस्तकाचे अध्याय 31 आहेत. जी तारीख, तो अध्याय, असा साधा नियम धरला की महिन्याला एक पारायण होते. बहुतेक अध्याय चार-पाच मिनिटांत वाचून होतात. ज्या घरात सगळे मोडले आहे, तिथे पुन्हा सुरुवात करायला याहून सोपे पुस्तक नाही. सोपे असले तरी ते वरवरचे नाही. मूर्खपणाकडून देवाच्या ज्ञानाकडे माणूस कसा वळतो, हे ते इतक्या बारकाईने सांगते की वाचणाऱ्याला लपायला जागा उरत नाही.

नीतिसूत्रांतला मूर्ख म्हणजे ज्याला कमी कळते तो नव्हे. हिशेबात हुशार, बोलण्यात चलाख, गावात वजन असलेला माणूसही तिथे मूर्ख ठरतो, कारण त्याची चूक त्याला कुणी दाखवू शकत नाही. पुस्तकात अशा माणसांच्या पायऱ्या दिसतात. पहिला भोळा. याला अजून काही कळत नाही, जो हाक मारेल त्याच्यामागे जातो. दुसरा मूर्ख. याला कळते, पण वळत नाही, आणि तीच चूक पुन्हा करण्यात त्याला मजा वाटते. तिसरा निंदक. हा सगळ्याचीच टर उडवतो आणि सुधारायला गेलेल्याचा अपमान करतो. भोळा कायम भोळा राहत नाही, हे लक्षात घ्या. तो एक तर शिकतो, नाही तर पायरी-पायरीने निंदकापर्यंत पोहोचतो. नवव्या अध्यायात ज्ञान आपले सात खांबांचे घर बांधते, पशू कापते, द्राक्षारस मिसळते, मेज मांडते, दासींना पाठवते आणि नगराच्या उंच जागेवरून भोळ्याला जेवायला बोलावते. त्याच अध्यायात मूर्खपणाही आपल्या घराच्या दारात बसून त्याच वाटसरूला जवळजवळ त्याच शब्दांत हाक मारतो. त्याच्याकडे मेजवानी नाही. चोरून घेतलेल्या गोष्टीची चटक, एवढेच त्याच्या पदरी आहे.

आपल्या मुलांना आज दुसरी हाक दिवसभर ऐकू येते. पत्त्यांवर पैसे लावायचे अॅप, पाच मिनिटांत कर्ज देणारे अॅप, दुसऱ्या समाजाबद्दल विष पेरणारे फॉरवर्ड, हे सगळे खिशात आहे. पहिली हाक त्यांच्या कानावर कधी पडणार? आठवड्यातून एकदा, तीही पाठीमागच्या बाकावर बसून? ही विषम लढाई आहे, आणि घर मध्ये पडल्याशिवाय तिचा तोल सावरणार नाही.

मूर्ख आणि शहाणा यांतला फरक नेमका कुठे पडतो, हे पाहायचे तर पहिल्या शमुवेलाचा 25वा अध्याय उघडा. नाबाल मोठा श्रीमंत. 3,000 मेंढरे, 1,000 शेरडे. कर्मेलात लोकर कातरणी चाललेली, घरात सणासारखे वातावरण. दावीदाच्या माणसांनी रानात त्याचे कळप सांभाळलेले असतात. ते थोडी शिधासामग्री मागायला येतात, तर हा त्यांना हाकलून देतो, वर दावीदाचा उद्धारही करतो. दावीद चिडतो, 400 माणसांना तलवारी बांधायला लावतो आणि निघतो. इकडे नाबालाचा एक चाकर धावत धन्याची बायको अबीगईल हिच्याकडे जातो. तो धन्याकडे जात नाही, कारण धन्याशी काही बोलायची सोय नाही, असे तो तिला स्पष्टच सांगतो. मूर्खाची ओळख त्या चाकराने करून दिली आहे: ज्याच्याशी घरातल्या कुणाला बोलता येत नाही, तो.

अबीगईल वेळ घालवत नाही. 200 भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचे मांस, हुरडा, मनुका, अंजिराच्या 200 ढेपा गाढवांवर लादून ती डोंगराच्या आडोशाने खाली उतरते आणि दावीदाला वाटेत गाठते. उद्या राजा होशील तेव्हा या रक्ताचा डाग तुझ्या मनाला टोचत राहील, असे ती त्याला समजावते. आणि दावीद थांबतो. तलवार कमरेला, रक्त तापलेले, मागे 400 माणसे बघताहेत, अशा वेळी तो एका बाईचे ऐकतो. आपल्याला अडवले म्हणून तो देवाचे आभार मानतो, तिलाही धन्य म्हणतो आणि माघारी फिरतो. मूर्खपणाकडून ज्ञानाकडे वळणे हेच. सकाळी दावीदही नाबालाइतकाच मूर्खपणा करायला निघाला होता. दोघांत फरक एवढाच, की दावीदाशी बोलता आले.

घरातले वाचन आपल्याला बोलता येण्याजोगे ठेवते, म्हणून ते मोलाचे आहे. माझी आजी अध्याय वाचून झाला की पुस्तक मिटायच्या आधी एकच प्रश्न विचारायची, "आज कुणाला लागलं?" मग थोडा वेळ सगळे गप्प. बहुतेक वेळा आजोबाच पहिले बोलायचे. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहण्याबद्दल लिहिले आहे. शब्द देऊन अडकला असशील तर झोप घेऊ नकोस, शिकाऱ्याच्या हातातून हरीण सुटते तसा सुटून ये, असा त्याचा आशय. एकदा तो अध्याय झाल्यावर आजोबांनी सांगितले, की पतसंस्थेत एकाच्या कागदावर त्यांनी सही केली आहे आणि ही गोष्ट घरात कुणालाच सांगितलेली नाही. रागावणे, रडणे, हिशेब, सगळे त्या सतरंजीवरच झाले. दुसऱ्या दिवशी ते त्या गृहस्थाकडे गेले. उपदेशातून ही गोष्ट बाहेर आली नसती. मंडळीत उठून कुणी असे बोलत नाही. त्यासाठी घरच लागते, आणि मोठा माणूस आधी बोलला तरच मुलांना बोलायचे धाडस येते.

हे पुस्तक आपल्या आजच्या जगण्यात कुठवर पोहोचते, ते पाहा. खोटा तराजू देवाला सहन होत नाही, असे ते बाजारात उभे राहून सांगते. घेताना माल वाईट म्हणून नाके मुरडायची आणि घरी जाऊन सौदा केल्याच्या बढाया मारायच्या, ही गिऱ्हाइकाची सवय त्याला ठाऊक आहे. पोरक्यांच्या शेताचा बांध कोरू नका, कारण त्यांचा कैवारी बलवान आहे, असे ते बजावते. भाऊबंदकीत तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्या आपल्या माणसांना याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. आळशाच्या शेतात काटे माजलेत, दगडी कुंपण ढासळले आहे, हे पाहून लिहिणारा थांबतो आणि स्वतः धडा घेतो. शेवटच्या अध्यायात एक आई आपल्या राजा झालेल्या मुलाला, लमुएलाला, दारूपासून सावध करते आणि ज्याला वाचा नाही त्याच्यासाठी तोंड उघड म्हणते. घरातला, बाजारातला, चावडीवरचा असा एकही व्यवहार नाही जो देवाच्या नजरेबाहेर आहे. देवाचा धाक मनात असणे ही या सगळ्या शहाणपणाची पहिली पायरी आहे.

ही ठेव आपल्यापर्यंत आपोआप आलेली नाही. नीतिसूत्रांच्या 25व्या अध्यायाच्या सुरुवातीला एक नोंद आहे: पुढची सूत्रे शलमोनाची, पण ती उतरवून काढली यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी. मध्ये दोनशेहून अधिक वर्षे गेली होती. राज्य फुटले होते, उत्तरेचे राज्य अश्शूरी सत्तेच्या घशात गेले. अशा काळात काही माणसे बसली आणि त्यांनी जुनी वचने नव्याने लिहून घेतली. शलमोनाच्या स्वतःच्या घरात काय झाले तेही आपण विसरू नये. गिबोनात त्याने देवाकडे धन मागितले नाही, समजदार मन मागितले. म्हातारपणी त्याचेच मन दुसरीकडे वळले. त्याचा मुलगा रहबाम याने वडीलधाऱ्यांचा सल्ला झिडकारला, बरोबर वाढलेल्या दोस्तांचे ऐकले आणि दहा वंश गमावले. बापाकडे ज्ञान होते म्हणून मुलाला ते मिळत नाही. ते पिढीगणिक पुन्हा द्यावे लागते आणि पुन्हा घ्यावे लागते.

मराठीतही हे कुणीतरी कष्टाने दिले. सेरामपूरला विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली मराठी नवा करार 1811 साली छापला गेला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याची शेवटची वर्षे बायबलच्या भाषांतराला वाहिली, साध्या बायकांना वाचता यावे असे मराठी त्यांनी निवडले. केडगावच्या मुक्ती सदनातल्या स्त्रियांनी खिळे जुळवले, छपाई केली. 1922 साली रमाबाई गेल्या, त्याआधी त्यांनी हे काम हातावेगळे केले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आपल्या काळात 'सुबोध बायबल' सिद्ध केले. दुष्काळातून, वैधव्यातून, समाजाच्या बहिष्कारातून वर आलेल्या बायांनी खिळा खिळा जुळवून जे पान आपल्या हाती दिले, ते उघडायला आपल्याला दहा मिनिटे सापडत नाहीत, असे आपण म्हणणार का?

अडचणी मला माहीत आहेत. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, त्यांना देवनागरी अडखळत वाचावी लागते. अडखळू द्या. रोज पाच ओळी वाचल्या तर वर्षभरात जीभ वळेल, आणि आजी-आजोबांची भाषाही हातची जाणार नाही. नोकरीच्या पाळ्या जुळत नाहीत. मग जेवढे घरात असतील तेवढे बसा. आई आणि एक मूल, एवढेही पुरेसे आहे, लमुएल राजाला त्याच्या आईनेच शिकवले होते. पाळकांसारखे समजावता येत नाही, अशी भीती वाटत असेल तर समजावू नका. वाचा आणि आजीचा प्रश्न विचारा.

नीतिसूत्रे म्हणजे नुसता सदाचार, आपल्याला सुवार्ता पुरे, असेही काही जण म्हणतील. पण याकोब लिहितो की ज्याला ज्ञान उणे आहे त्याने देवाकडे मागावे, देव दोष न लावता देतो. पौल करिंथकरांना सांगतो की जगाला जो मूर्खपणा वाटतो त्या वधस्तंभातच देवाचे ज्ञान आहे. नीतिसूत्रे रोज वाचणाऱ्याला आपण किती वेळा चुकतो हे कळते. ते कळले की क्षमेची गरज कळते, आणि तिथून वधस्तंभाची वाट सुरू होते. म्हणून अध्याय झाला की प्रार्थना हवीच.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. या पुस्तकातल्या छडीच्या ओळी काढून मुलांना मारणारी घरे आहेत, कटकट्या बायकोच्या ओळी काढून बाईला गप्प करणारे पुरुष आहेत. असल्या वापरानेच आपली मुले या वाचनापासून पळाली. पुस्तक दुसऱ्याकडे रोखायचे नाही. ते आधी वाचणाऱ्या मोठ्या माणसाला लागू द्यायचे. घरातला कर्ता नाबाल असेल तर बायबल कितीही वाचले तरी त्या घरात कुणी वळणार नाही.

आता कामाला लागू या. येत्या पहिल्या तारखेला पहिला अध्याय काढा. फोन बाजूच्या खोलीत ठेवा. रोज वेगळ्या माणसाने वाचायचे, एक वचन निवडायचे, कुणाला लागले ते विचारायचे आणि प्रार्थना करून उठायचे. लहान महिन्यात राहिलेले अध्याय एखाद्या रविवारी दुपारी वाचा. पाळकांना विनंती की महिन्यातून एक उपदेश नीतिसूत्रांवर ठेवा आणि गृहभेटीत त्या घरासोबत त्या तारखेचा अध्याय वाचा. महिला मंडळांनी आणि तरुण संघांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जाऊन वाचन करावे, त्यांना तोंडपाठ असलेली वचने आणि गीते फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. शब्बाथ शाळेने मुलांना पाठांतराबरोबर आजीचा तो प्रश्नही शिकवावा. परदेशात किंवा दूरच्या शहरात असलेल्यांनी आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर घरच्यांबरोबर बसावे.

आणि ज्यांच्या घरात बोलणेच बंद पडले आहे, भाऊ भावाशी बोलत नाही, मुलगा बापासमोर येत नाही, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुम्ही सर्वांत आधी सुरुवात करा. दावीदाने 400 माणसांसमोर पाऊल मागे घेतले आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आपल्याला तर फक्त आपल्या माणसांसमोर बसायचे आहे. पहिली तारीख ठरवा, शेजारच्या एका घरालाही सांगा, आणि त्या संध्याकाळी पुस्तक उघडा.