सुरुवातीला हरायची सवय

आमची सकाळची हार्बर लोकल गोरेगावहूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. आणि बसायला जागा मिळाली की मुंबईकर वाद घालतो. आयपीएल तोंडावर आली की आमच्या डब्यात दुसरा विषय नसतो. कोणाची गोलंदाजी भक्कम, कोणी लिलावात पैसे वाया घालवले, कोणाचं वेळापत्रक सोपं. हा शेवटचा मुद्दा फार तावातावाने मांडला जातो, आणि त्यात तथ्यही आहे. २०२२ पासून संघ दहा झाले, दोन गट पडले. चौदा सामन्यांत प्रत्येक संघ काही प्रतिस्पर्ध्यांशी दोनदा खेळतो, काहींशी एकदाच. म्हणजे गुण सारखे असले तरी ते मिळवायला लागलेली मेहनत सारखी नसते. अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलवर हाच वाद वर्षानुवर्षं चालतो : आमचा गट कठीण, तुमचा गट लिंबूटिंबू, म्हणून तुमचे विजय खोटे.

‘डॉक्टर, तुम्ही सांगा,’ असं म्हणून मला मध्ये ओढलं जातं. मी मुंबईवाला, त्यामुळे माझ्या मताला डब्यातल्या चेन्नईवाल्यांच्या लेखी किंमत नाही. पण या वादातल्या एका गोष्टीबद्दल मला डॉक्टर म्हणून बोलायचं आहे.

आमच्या डब्यात एक गृहस्थ आहेत, वय चोपन्न, बँकेत नोकरी. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे, नाव सोडून. त्यांचा सिद्धान्त असा की मुंबईने सुरुवातीला हरणं हे काळजीचं कारण नाही, ती सवयच आहे. पुरावाही तयार असतो. २०१३ पासून २०२५ पर्यंत सलग तेरा हंगाम मुंबईने आपला पहिला सामना गमावला, आणि पाचही करंडक याच काळात जिंकले. २०१५ मध्ये तर पहिले चार सामने हरून शेवटी करंडक घेतला. ‘तेव्हा घाबरायचं नाही, थांबायचं,’ हे त्यांचं पालुपद.

एका हंगामात, मुंबईचा सामना चालू असताना, रात्री साडेआठच्या सुमाराला त्यांच्या छातीत जड वाटायला लागलं. बाहेरचं खाल्लं होतं, ॲसिडिटीचा त्रास जुना, आणि मॅच अटीतटीची. पाण्यात इनो टाकून घेतला. घाम आला, तर पंखा वाढवला. पत्नी म्हणाल्या, दवाखान्यात जाऊ. ते म्हणाले, एवढी मॅच होऊ दे. मॅच सव्वाअकराला संपली. मग ‘आता तर कमी वाटतंय’ म्हणून आडवे झाले. ते रुग्णालयात पोहोचले तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी मुख्य वाहिनी बंद पडलेली. ते वाचले. पण निरोगी हृदयाचं पंपिंग साधारण ५५ ते ७० टक्के असतं, त्यांचं आता ३५ आहे. गोरेगाव स्टेशनचा जिना ते दोनदा थांबून चढतात.

मी त्यांना नंतर विचारलं, तुम्हाला खरंच ती ॲसिडिटी वाटली? ते म्हणाले, ‘दहा वेळा तसंच झालं होतं हो. दहाही वेळा ॲसिडिटीच निघाली.’

हा तोच सिद्धान्त आहे. सुरुवातीला हरणं ही मुंबईची सवय, छातीत जड होणं ही माझ्या पोटाची सवय. मुंबईच्या बाबतीत त्यांना २०१५ आठवतं, पण २०२२ आठवत नाही. त्या वर्षी मुंबई पहिले आठ सामने सलग हरली आणि दहापैकी दहावी आली. २०२४ मध्येही तळालाच होती. आपल्या संघाबद्दल मत बनवताना मेंदू सगळी वर्षं समोर ठेवत नाही, सोयीची वर्षं ठेवतो. ट्रेनमध्ये याने कोणाचं बिघडत नाही. स्वतःच्या छातीबद्दल मत बनवायला मात्र तोच मेंदू बसलेला असतो, त्याच खोडीसकट.

या खोडीचा अभ्यास झाला तोही कॉलेजच्या फुटबॉलवरच. नोव्हेंबर १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांचा सामना झाला. फार धसमुसळा सामना, एकाचं नाक मोडलं, दुसऱ्याचा पाय. हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी नंतर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितलं. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथचे जितके नियमभंग दिसले, त्याच्या निम्मेसुद्धा डार्टमथच्या मुलांना दिसले नाहीत. कोणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. त्यांना दिसलंच तसं. वानखेडेवर पायचीतचं अपील झालं की दोन शेजारी दोन वेगळे चेंडू पाहतात, ते याच कारणाने.

आणखी एक प्रयोग मला आवडतो. १९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी जास्त विद्यार्थी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येतात, आणि बोलताना ‘आपण जिंकलो’ म्हणतात. हरले तर ‘ते हरले’. आमच्या डब्यात निळे टी-शर्ट कोणत्या दिवशी किती दिसतात ते बघा.

हे ‘आपण’ शरीरही खरं धरतं. सामना खेळतोय तो बोरिवलीत वाढलेला रोहित शर्मा, पण ॲड्रिनलिन तुमच्या रक्तात सुटतं. नाडी वाढते, रक्तदाब चढतो. तरुण, निरोगी माणसाला याने काही होत नाही. ज्याच्या हृदयाच्या वाहिनीत आतून चरबीचा थर साठलेला आहे, त्याच्यात त्या थराला तडा जाऊ शकतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि वाहिनी बंद पडते. हा थर साठायला वर्षं लागतात. मॅच फक्त शेवटचा धक्का देते.

हा धक्का किती मोठा, याचे आकडे आहेत. २००६ चा फुटबॉल विश्वचषक जर्मनीत झाला. म्युनिक आणि परिसरातल्या हृदयविकाराच्या तातडीच्या घटना तपासल्या, तेव्हा जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी त्या इतर दिवसांच्या २.६६ पट निघाल्या. पुरुषांमध्ये सव्वातीन पट, स्त्रियांमध्ये सुमारे १.८ पट. आधीपासून हृदयविकार असलेल्यांमध्ये चौपट. सगळ्यात जास्त घटना सामना सुरू झाल्यापासून पहिल्या दोन तासांतल्या. १९९८ मध्ये इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर हरलं, त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस इंग्लंडमध्ये हार्ट ॲटॅकने दाखल होणारे २५ टक्क्यांनी वाढले. त्याच स्पर्धेत फ्रान्सने विश्वचषक जिंकला, त्या दिवशी मात्र फ्रेंच पुरुषांमधले हार्ट ॲटॅकचे मृत्यू उलट कमी नोंदले गेले. तेव्हा ‘मॅच बघणं घातक’ असं सरसकट कोणी म्हणू नये, मीही म्हणत नाही.

रागाबद्दल मात्र पुरावा जास्त सरळ आहे. रागाचा मोठा भडका उडाल्यानंतरच्या दोन तासांत हार्ट ॲटॅकचा धोका दुपटीहून जास्त असतो, हे १९९५ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. राग शरीराबाहेर गेला तर काय होतं, तेही आपल्या राज्याने पाहिलं आहे. २७ मार्च २०२४ ला हैदराबादने मुंबईविरुद्ध २७७ धावा केल्या. रोहित बाद झाल्यावर कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात साठी ओलांडलेल्या एका चेन्नई समर्थकाने आनंद व्यक्त केला. मुंबईच्या दोन समर्थकांनी त्यांना मारहाण केली आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. मैदानावर चेन्नईचा संघ नव्हताच त्या दिवशी.

आता पुन्हा थांबण्याबद्दल. क्रिएट नावाच्या भारतातल्या मोठ्या पाहणीत, देशभरातल्या ८९ रुग्णालयांतल्या वीस हजारांवर रुग्णांची नोंद झाली. २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोहोचायला लागलेला मध्यक वेळ ३६० मिनिटं होता. सहा तास. म्हणजे आयपीएलची एक अख्खी मॅच, आणि वर दोन तास. आपल्याकडे पहिला हार्ट ॲटॅक येतोही लवकर : दक्षिण आशियात सरासरी ५३ व्या वर्षी, इतर देशांत जवळपास ५९ व्या. आमच्या डब्यातले निम्मे वादपटू याच वयाचे आहेत.

वाहिनी बंद झाली की अर्ध्या-पाऊण तासात स्नायू मरायला लागतात आणि पुढचे काही तास मरत राहतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बारा तासांपर्यंत देता येतं, पण पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा जो उपयोग होतो तो नंतर होत नाही. अँजिओप्लास्टीचंही तसंच, जितकी लवकर तितका स्नायू वाचतो. रात्रपाळीला आम्ही कितीही धावपळ केली तरी रुग्णाने घरी घालवलेले तास आम्हाला परत आणता येत नाहीत.

म्हणून छातीत दाब, जडपणा, आवळल्यासारखं वाटणं पंधरा मिनिटांत गेलं नाही, किंवा सोबत घाम, दम, जबड्यात, डाव्या हातात किंवा पाठीत कळ असेल, तर मॅच कुठे आहे हे बघायचं नाही. मधुमेह असलेल्यांना आणि बऱ्याच स्त्रियांना छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं, पोटाच्या वरच्या भागात कळ येते. १०८ ला फोन करा. स्वतः स्कूटर काढून जाऊ नका. रात्री गल्लीतला बंद दवाखाना ठोठावत बसू नका, जिथे ईसीजी आणि अतिदक्षता विभाग आहे तिथेच जा. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून लगेच घरी पळू नका, तो काही वेळाने पुन्हा काढावा लागतो. आणि ॲसिडिटी निघाली तर निघू दे. रात्री दोन वाजता ‘ॲसिडिटीच होती’ म्हणून घरी पाठवलेल्या माणसावर कोणीही डॉक्टर हसत नाही.

ज्यांना आधीच हृदयविकार किंवा रक्तदाब आहे त्यांची एक वेगळी गंमत मी दर वर्षी बघतो. साडेसातला मॅच सुरू, जेवण अकराच्या पुढे, आणि जेवणानंतरची गोळी राहूनच जाते. दोन महिने हेच. ती गोळी नाणेफेकीच्या वेळेला बांधून घेता येते का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. मॅचबरोबर सिगारेट आणि दारू वाढते, त्याबद्दल मी इथे नवीन काही सांगणार नाही.

त्या गृहस्थांनी मला विचारलं होतं, मॅच बघायची की बंद करायची? मी म्हटलं, बघा, पण एकटे बघू नका. आणि ‘दवाखान्यात जायचं की नाही’ हा निर्णय तुमच्याकडे ठेवू नका. तो वहिनींकडे द्या. त्या कोणत्याच संघाच्या नाहीत. त्यांनी ते मान्य केलं आहे. जिभेखाली ठेवायची गोळी शर्टाच्या खिशात असते, बायकोचा आणि मुलाचा नंबर फोनवर सगळ्यात वर. सकाळच्या गाडीत त्यांची खिडकीची जागा आम्ही धरून ठेवतो. पहिली मॅच हरण्याबद्दलचं त्यांचं मत मात्र तसूभरही बदललेलं नाही.