महामार्ग कोणता, द्रुतगती मार्ग कोणता?

इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्णत्वास गेला. अभियंत्यांचे आणि श्रमिकांचे हे कर्तृत्व निःसंशय अभिमानास्पद आहे. परंतु या नावातील 'महामार्ग' हा शब्द मात्र दिशाभूल करणारा आहे.

महामार्ग गावाला जोडून घेतो. त्यावर एसटी थांबते, दुचाकी धावते, कडेला चहाची टपरी उभी राहते. समृद्धीला कुंपण आहे. ठरावीक ठिकाणांखेरीज प्रवेश नाही. दुचाकी आणि रिक्षा यांना मज्जाव आहे. असा रस्ता म्हणजे द्रुतगती मार्ग. हा शब्द मराठीत नवा नाही. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे रस्त्याच्या अधिकृत नावात तो आहे. तरीही सुशिक्षितांच्या तोंडी 'एक्स्प्रेस वे' आणि शासनाच्या फलकावर सरसकट 'महामार्ग', अशी दुहेरी उपेक्षा त्याच्या वाट्याला आली आहे.

हा केवळ शब्दांचा कीस आहे काय? मुळीच नाही. नियोजित नागपूर-गोवा शक्तिपीठ रस्त्यालाही 'महामार्ग'च म्हटले जाते. ज्याची जमीन त्यात जाणार, तो शेतकरी महामार्ग म्हणताच बांधावरून जाणारी वर्दळ डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्षात तो रस्ता त्याच्या शेताचे दोन तुकडे करील आणि त्यावर पाऊल ठेवण्याची मुभाही त्याला नसेल. विकासाला विरोध नसावा हे खरे. पण जमीन देणाऱ्याला कशासाठी देतो आहे, हे त्याच्याच भाषेत नेमके कळले पाहिजे.

'असले शब्द रुळत नाहीत' हा आक्षेप जुनाच आहे. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो राज्य स्वभाषेत चालावे म्हणून. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीची टवाळी करणारे थोडे नव्हते. आज 'दिनांक' आणि 'महापौर' लिहिताना कोणी अडखळत नाही. 'उड्डाणपूल' तर घरोघरी रुळला. शब्द वापराने रुळतात, संकोचाने मरतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो समारंभापुरता राहू द्यायचा नसेल, तर शासनाने अधिसूचनेत, वृत्तपत्रांनी मथळ्यात आणि सुजाण कुटुंबांनी घरातल्या बोलण्यात द्रुतगती मार्गाला द्रुतगती मार्गच म्हणावे. राज्य रस्ते बांधते. त्यांना खरे नाव देणे हे समाजाचे कर्तव्य आहे.