तासाभराचे अंतर, पंधरा वर्षांची वाट

होटगी रस्त्यावरील सोलापूरचा विमानतळ आणि मुंबईचा विमानतळ यांच्यातले अंतर सरळ रेषेत मोजले तर सुमारे ३६० किलोमीटर भरते. रेल्वेमार्गाने हेच अंतर ४५५ किलोमीटर आहे. विमानाला साधारण तास पुरतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतला साडेसहा तास लागतात. मग विमानाचा विजय निर्विवाद नाही का?

वास्तविक हिशेब इतका सोपा नाही. उड्डाणाआधीचा तास-दीड तास, सामानाची प्रतीक्षा, मग अंधेरीहून मंत्रालयापर्यंतची वाहतूक कोंडी. घरातून निघून कचेरीत पोचेपर्यंत चार तास सहज जातात. उलट रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस प्रवाशाला सकाळी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरवते. झोपेत गेलेला वेळ कोणी मोजत नाही! तेव्हा विमानाचा खरा लाभ केव्हा? सकाळी जाऊन, काम उरकून त्याच दिवशी परतता आले तर. टॉवेल निर्यातदाराला मुंबईहून पुढचे विमान गाठता आले तर. किंवा जिथे रस्त्याने दिवस मोडतो, त्या गोव्याला जायचे असेल तर. म्हणजे महत्त्व उड्डाणाच्या तासाला कमी आणि वेळापत्रकाला अधिक आहे.

आणि वेळापत्रकानेच सोलापूरला आजवर दगा दिला. किंगफिशरची मुंबई सेवा काही काळ चालून बंद पडली. २०१२ मध्ये ती कंपनीच जमिनीवर आली. पुढे वाद रंगला तो श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीच्या चिमणीचा. कारखान्याच्या ऊस उत्पादक सभासदांचा विरोध असताना १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली. चिमणी पडली, पण विमान लगेच आले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये नूतनीकृत विमानतळाचे उद्‌घाटन झाले, ९ जून २०२५ रोजी गोव्याची सेवा सुरू झाली आणि मुंबईसाठी ऑक्टोबर उजाडला. तिकडे बोरामणीत शेतकऱ्यांची जमीन संपादित होऊनही २०२५ अखेर नवा विमानतळ उभा राहिला नव्हता.

मुंबई सेवेसाठी राज्य सरकारने व्यवहार्यता तूट निधीचा आधार दिला, तो मुदतीचा. असा निधी रिकाम्या खुर्चीचा तोटा भरतो. प्रवासी निर्माण करत नाही. चादर, टॉवेल, गणवेश आणि डाळिंब यांच्या व्यापारातून नियमित प्रवासी मिळाले, तरच निधी आटल्यावरही विमान उडेल. आणि विमान वेळेवर, ठरल्या दिवशी सुटते असा भरवसा बसल्याखेरीज व्यापारी रात्रीची गाडी सोडणार नाही.

पहिल्या उड्डाणाला हारतुरे मिळतात. परीक्षा मात्र अनुदान संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षाची असते. शेतकऱ्याने जमीन दिली, सभासदांची चिमणी गेली. त्या किमतीच्या बदल्यात सोलापूरला केवळ धावपट्टी नव्हे, विश्वासार्ह वेळापत्रक मिळायला हवे.