शब्दातून पसरणारी साथ आणि वैतागलेले प्रेक्षक

'पॉन्टीपूल' नावाचा एक कॅनडाचा भयपट आहे. २००८ साली टोरांटोच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. तो पाहिलेल्या माणसांचे सरळ दोन गट पडतात. एक म्हणतो, दीड तास तीन-चार माणसं एका तळघरात बोलत बसतात, याला भयपट कुणी म्हटलं? दुसरा म्हणतो, इतकी भीती वर्षानुवर्षांत वाटली नव्हती. 'ठीक आहे, एकदा बघायला हरकत नाही' असं म्हणणारा प्रेक्षक मला अजून भेटायचा आहे. आमच्या स्टाफरूममध्येही तेच झालं. विज्ञानाच्या सरांनी विसाव्या मिनिटाला बंद केला, इंग्रजीच्या मॅडमनी दोनदा पाहिला. माझा भाचा तर म्हणाला, "मामू, यात झॉम्बीच दिसत नाहीत, पैसे संपले होते का त्यांचे?"

पैसे फार नव्हतेच. ब्रूस मॅकडोनाल्ड या दिग्दर्शकाने टोनी बर्जेस या लेखकाच्या कादंबरीवरून हा चित्रपट केला, पटकथाही बर्जेसचीच. जवळजवळ सगळा चित्रपट एका चर्चच्या तळघरातल्या छोट्याशा रेडिओ स्टेशनात घडतो. ग्रँट मॅझी हा एकेकाळचा मोठ्या शहरातला तोंडाळ रेडिओवाला आता ऑन्टॅरिओतल्या या बर्फाळ गावात सकाळचा कार्यक्रम करतो. हरवलेलं मांजर, बंद पडलेले रस्ते, शाळेला सुट्टी, असल्या बातम्या. व्हॅलेंटाइन डेची सकाळ असते. मग बाहेरून फोन येऊ लागतात. एका डॉक्टरच्या दवाखान्यासमोर जमाव जमलाय. लोक एकच शब्द पुन्हा पुन्हा बोलतायत. लोक लोकांवर तुटून पडतायत. आत बसलेल्या तिघांना काहीच दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. आपणही तेवढंच ऐकतो.

आणि रोग कशातून पसरतो? चावण्यातून नाही, हवेतून नाही, पाण्यातून नाही. इंग्रजी भाषेतल्या काही शब्दांतून. विशेषतः लाडाच्या, प्रेमाच्या शब्दांतून. शब्द कानावर पडला म्हणून लागण होत नाही, तो कळला की होते. मग माणूस त्या शब्दात अडकतो, तोच तो उच्चारत राहतो, त्याची भाषा विस्कटते, आणि शेवटी त्यातून सुटण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाचाच घास घ्यायला धावतो.

नापसंती दाखवणाऱ्यांचा पहिला आक्षेप असा की 'काही दाखवतच नाही'. हा आक्षेप मला मान्य नाही. कमी पैशांत साथीच्या रोगाचा चित्रपट करणाऱ्यांपुढे नेहमी हाच पेच असतो. साथ म्हणजे हजारो माणसं, आणि हजारो माणसांना जेवायला घालायची ऐपत नसते. १९६८ साली जॉर्ज रोमेरोने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला तेव्हा त्यानेही सात माणसांना एका घरात कोंडलं आणि साथ खिडकीबाहेर ठेवली. पण निदान फळ्या ठोकलेल्या खिडकीतून हात तरी आत येत होते. मॅकडोनाल्डने खिडकीही काढून घेतली. गरिबीतून आलेली युक्ती असेल, पण ती युक्ती विषयाशी इतकी चपखल बसली आहे की पैसे असते तर चित्रपट बिघडला असता असं मला वाटतं. आजार शब्दांचा आहे, मग तो दाखवायचा कुठे? तो ऐकवायलाच हवा.

यात एक पात्र आहे, केन लोनी. तो हेलिकॉप्टरमधून रहदारीची खबर देतो, मागे पंख्याची घरघर ऐकू येते. प्रत्यक्षात तो एका टेकडीवर गाडी लावून बसलेला असतो आणि घरघर ही ध्वनिफीत असते. स्टेशनातल्या सगळ्यांना हे माहीत आहे, फक्त श्रोत्यांना नाही. बरेच प्रेक्षक याकडे विनोद म्हणून बघून पुढे जातात. मला तो चित्रपटातला सगळ्यात हुशार तपशील वाटतो. साथ यायच्या आधीपासूनच या गावाला रोज सकाळी एक लहानसं, निरुपद्रवी खोटं ऐकवलं जात होतं. नंतर हाच केन धान्याच्या कोठारात लपून, खरोखर घाबरलेल्या आवाजात जे सांगतो, ते ऐकताना अंगावर काटा येतो. आणि तेव्हा प्रश्न पडतो, की याच्यावर विश्वास ठेवायचा कशाच्या जोरावर?

मॅकडोनाल्डच्या डोळ्यांसमोर ऑर्सन वेल्सचं १९३८ चं रेडिओ नाटक होतं. मंगळावरून हल्ला झाल्याच्या बातम्या देणारं ते नाटक ऐकून अमेरिकेत लोक घराबाहेर पळत सुटले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की ती घबराट वर्तमानपत्रांनी बरीच फुगवून सांगितली होती. म्हणजे रेडिओने पसरवलेल्या अफवेची जी प्रसिद्ध कथा, तीच अर्धी अफवा.

दुसरा आक्षेप डॉक्टरबद्दल. चित्रपटाच्या मध्यावर डॉ. मेंडेझ खिडकीतून आत येतात आणि रोग काय, कसा, कुठून, हे सगळं भराभर समजावून सांगतात. इथे मी विज्ञानाच्या सरांच्या बाजूने. पहिले पन्नास मिनिटं आपण अंधारात चाचपडत असतो आणि तेच सुख असतं. मग गाइडमधली उत्तरं वाचून दाखवावीत तसा हा डॉक्टर येतो. चित्रपटाचा उत्तरार्ध यातून पूर्ण सावरत नाही.

तिसरी गोष्ट एका प्रसंगाची. गावातलं एक कुटुंब 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'वरचं गाणं म्हणायला स्टुडिओत येतं. अरबी झगे, चेहरे रंगवलेले. काही प्रेक्षकांना हा प्रसंग निरर्थक वाटतो, काहींना अपमानकारक. माझ्यासारख्या प्रेक्षकाला तो खटकायला हवा अशी अपेक्षा असेल, पण मला तो तसा खटकला नाही. स्टुडिओतली तरुण तंत्रज्ञ लॉरेल-ॲन ही अफगाणिस्तानातून परतलेली सैनिक आहे, गावाला तिचा अभिमान आहे, आणि त्याच गावातली भली माणसं तोंडाला रंग फासून अरब बनून गातायत, यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. त्या गाण्याच्या शेवटी त्यांच्यातल्या एका मुलीची भाषा अचानक घसरते. दिग्दर्शकाला काय म्हणायचं आहे ते मला पुरेसं कळलं. शिवाय बीबीसीचा वार्ताहर थेट प्रक्षेपणात ग्रँटला विचारतो, की या दंगलीमागे फुटीरतावाद्यांचा हात आहे का. कुणाला काहीही माहीत नसताना हा प्रश्न येतो. लंडनमध्ये बसलेल्या माणसाला कॅनडा म्हटलं की फ्रेंच फुटीरतावादी आठवतात, एवढाच त्याचा पुरावा.

हा प्रसंग आपल्याकडच्या कुठल्याही मुसलमान प्रेक्षकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये कोरोनाला जात-धर्म चिकटवण्यासाठी एक जोडशब्द तयार झाला होता. तो इथे लिहिण्याची माझी इच्छा नाही. त्या दिवसांत भाजीवाल्याला नाव विचारून भाजी घेणारी माणसं आपण पाहिली आहेत. पुढे ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगशी संबंधित २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता निकालात नोंदवली. निकाल सविस्तर होता. तो शब्द मात्र दोन शब्दांचा होता, त्यामुळे पोचण्यात तो पुढे होता.

पण ही लागण काही एका समाजापुरती नाही, आणि 'पॉन्टीपूल' पाहताना मला सर्वात जास्त आठवलं ते वेगळंच गाव. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत हिंडणारे. त्यांच्यातला एक जण लहान मुलीशी बोलला, असं त्या वेळी बातम्यांत आलं होतं. मुलं पळवणाऱ्या टोळीचे संदेश त्याआधी कितीतरी दिवस मोबाइलवर फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मरेपर्यंत मारलं. 'टोळी' हा शब्द आधी येऊन बसला होता, माणसं नंतर आली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. चित्रपटात सरकार जे फ्रेंचमधून रेडिओवर सांगतं, की इंग्रजी बोलू नका, लाडाचे शब्द वापरू नका, तसलाच हा तोडगा. २०२० च्या एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक याच पद्धतीच्या अफवेने मारले गेले, आणि मेल्यानंतर त्यांच्या नावाने दुसरी, धर्माची अफवा उठली. तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी काढून सांगावं लागलं होतं की यात एकही मुसलमान नाही.

म्हणून 'रोग शब्दातून कसा पसरेल, हे पटत नाही' असं कुणी म्हणालं की मला आश्चर्य वाटतं. चावून पसरणारा झॉम्बी पटतो आणि हे पटत नाही? शब्द ऐकून नव्हे तर समजून लागण होते, हा नियम मला फार खरा वाटतो. मराठी न कळणारा माणूस तो टोळीचा संदेश वाचून काठी उचलणार नाही. ज्याला तो आपल्या भाषेत, आपल्या माणसाकडून आला, 'काळजी घ्या' असं मायेने लिहून आला, तोच उचलेल. लाडाचे शब्द आधी बाधित होतात हे बर्जेसने उगाच नाही लिहिलं. आपल्याला सगळ्यात वाईट संदेश काका-मावशींकडूनच येतात.

आता उपाय. ग्रँट आणि निर्माती सिडनी ब्रायर आधी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलू लागतात. त्यांची ती फ्रेंच ऐकून कॅनडातल्या प्रेक्षकांना चांगलंच हसू आलं असणार. शाळेत वर्षानुवर्षे शिकूनही न आलेली भाषा जीव वाचवण्यासाठी आठवायची! (आमच्या माजी विद्यार्थ्यांचं उर्दू-मराठी डोळ्यांसमोर आलं.) नंतर ग्रँटला खरी युक्ती सापडते, ती म्हणजे शब्दाला त्याच्या अर्थापासून तोडणं. सिडनी 'मारणं' या शब्दात अडकते आणि तो तिला घाईघाईने पटवत राहतो, की मारणं म्हणजे चुंबन. अनेक प्रेक्षकांना हा प्रसंग हास्यास्पद वाटला. मला तो वर्गात रोज घडणारा प्रसंग वाटला.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. आमच्या उर्दूच्या पेपरात 'खुलासा लिखिए' म्हणजे सारांश लिहा. मराठीच्या दप्तरी भाषेत 'खुलासा सादर करा' म्हणजे तुमची चौकशी लागली आहे. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन पक्षांची तडजोड, मराठीत नोकरी सोडणं. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत ती कुस्तीची असते किंवा नाटकाची. पाचवीतली पोरं हे ऐकून आधी गोंधळतात, मग हसतात, मग स्वतः असे शब्द शोधून आणतात. 'गरज' हा त्यांनीच आणला. उर्दूत त्याला स्वार्थाचा वास आहे, मराठीत ती साधी निकड. ज्या पोराला एकदा कळलं की शब्द आणि अर्थ यांची गाठ कायमची नसते, ते पोर कुठल्याही शब्दाकडे थोडं थांबून बघतं. 'थोडं थांबून' एवढंच. लस वगैरे म्हणायचं नाही मला. दोन भाषा येणारी माणसंही जमावात असतात, हे मी जाणतो.

राहता राहिला शेवट. लष्कर फ्रेंचमध्ये उलटे आकडे मोजतं, पडदा काळा होतो, आणि श्रेयनामावलीनंतर एक असा तुकडा येतो की ज्याचा आधीच्या कथेशी काय संबंध हे कुणालाच नीट सांगता येत नाही. त्यावर चिडलेल्यांशी माझं भांडण नाही. नामावली सुरू झाली की बंद करा, काही बिघडत नाही. स्टीफन मॅकहॅटीचा खरखरीत आवाज मात्र नीट ऐकायला हवा, तेव्हा मोबाइलच्या भोंग्यावर नको, कानात हेडफोन घालून ऐका. इंग्रजी फारसं समजत नसेल तर खालच्या ओळी लावून बघा. आमच्या घरी अम्मी शेजारी बसून तसबीह ओढत होती, तिला इंग्रजीचा एक शब्द कळत नाही. "एवढं काय ओरडतायत?" तिने विचारलं. पॉन्टीपूलमध्ये ती एकटी सुखरूप राहिली असती, असं मी तिला सांगितलं. ते तिला फारसं पटलं नाही.