सहल नाणेघाटाची, तीही शहाडहून

अमेरिकेत इंटर्नशिप करणाऱ्या मराठी मुलांची जुलैतली सहल कशी असते हे आता त्यांच्या आईवडिलांनाही पाठ झालं आहे. पाच जणांत एक एसयूव्ही. चालक पंचविशीच्या आतला, म्हणून भाड्याच्या गाडीवर जादा आकार. लास व्हेगासहून निघायचं, साडेचारशे किलोमीटर गाडी हाकून ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा गाठायचा, फोटो काढायचे आणि परतीच्या वाटेवर स्प्लिटवाइज अ‍ॅपवर हिशेब मांडायचा. पूर्वेकडची मुलं याच पद्धतीने नायगारा उरकतात. यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. बरोबरीच्या मुलांनी कुणा मोठ्याच्या देखरेखीशिवाय रस्ता धरावा, चुकावं, आपसांत भांडावं आणि तरी सुखरूप परत यावं, हे त्या वयात झालंच पाहिजे.

तक्रार दुसऱ्या टोकाची आहे. यांच्यातलीच काही मुलं उन्हाळ्यात महाराष्ट्रात येतात, आजी-आजोबांकडे राहतात आणि ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात, इस्पितळात किंवा संस्थेत दोन महिने काम करतात. त्यांची सहल मात्र काकांच्या वातानुकूलित गाडीतून होते. लोणावळा, चिक्की, एक मॉल, फार तर महाबळेश्वर. खिडकीची काच वर, मागच्या सीटवर मावशीने बांधून दिलेले पराठे, आणि गाडीत बोलणं इंग्रजीत, कारण पाहुण्याला सोयीचं. शेजारच्या टेबलावर काम करणारी, उल्हासनगरची नाहीतर बदलापूरची समवयस्क मुलं या सहलीत कुठेच नसतात. परदेशातल्या मराठी घरांनी हा क्रम मोडावा. मुलाला किंवा मुलीला तिथल्या सहकारी इंटर्नांबरोबर सोडावं, आणि सोडायचंच तर शहाडच्या पुलावरून नाणेघाटाकडे सोडावं.

शहाडच का? कल्याण सोडून कसाऱ्याकडे निघालं की पहिलं स्टेशन शहाड. बाहेरच्यांना ते माहीत असतं ते दोन गोष्टींमुळे. एक सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, जिथे लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोजचा धागा निघतो. दुसरं बिर्ला मंदिर, म्हणजे विठ्ठलाचं देऊळ. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही त्यांची रांग इथे लागते. अंबरनाथ, डोंबिवली, मुरबाड या औद्योगिक वसाहती याच परिसरात, त्यामुळे रसायन अभियांत्रिकीच्या मुलांचं इन-प्लांट ट्रेनिंग इथे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. सहलीचं अंदाजपत्रक त्या दहा हजारांत बसलं पाहिजे, डॉलरमध्ये नव्हे. एकाने सगळ्यांचे पैसे भरले की बाकीचे त्याचे मित्र राहत नाहीत, पाहुणे होतात.

कल्याणहून मुरबाडकडे जाणारा रस्ता शहाडला रेल्वे ओलांडतो. हाच पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग २२२, आताचा ६१. नगर, परभणी, नांदेड करत तो तेलंगणातल्या निर्मलपर्यंत पोचतो. म्हारळ, वरप, कांबा गेलं की रायत्याला उल्हास नदीवरचा पूल, मग गोवेली, मामणोली आणि मुरबाड. पुढे सरळगाव, टोकावडे, वैशाखरे. एसटीच्या खिडकीतून हे सगळं दीड-दोन तासांत मागे पडतं. समोरून येणाऱ्या टेम्पोंत जुन्नर-ओतूरकडची भाजी असते, कल्याणच्या बाजार समितीत उतरणारी. माळशेज घाटातून माल खाली येतो आणि रिकाम्या गाड्या वर जातात, हा इथला रोजचा व्यवहार आहे. त्याचं वय मात्र डांबरी रस्त्याच्या कितीतरी पट आहे.

कल्याण हे बंदर होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये ते कल्लिएना या नावाने येतं, आणि तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात अशी तक्रारही त्यात आहे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावं आहेत. या बंदरातून सह्याद्री चढून जुन्नर आणि तिथून पैठण गाठायची वाट म्हणजे नाणेघाट. आज वैशाखऱ्याला रस्त्याचे दोन भाग होतात. वाहनं सरळ माळशेजकडे जातात आणि जुनी वाट डावा-उजवा विचार न करता समोरचा डोंगर चढू लागते. आठवड्याच्या सुट्टीला माळशेजला जाणाऱ्या हजारो गाड्या या फाट्यावरून जातात. ब्रेकवर पाय ठेवणारे मोजके.

वर काय आहे, हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. उत्तर सांगायला थोडा वेळ लागतो.

घाटाच्या तोंडाशी, माथ्याच्या किंचित खाली, कातळात कोरलेली एक चौकोनी गुहा आहे. १८२८ च्या उन्हाळ्यात विल्यम साइक्स नावाचा लष्करी अधिकारी डोंगर हिंडताना इथे पोचला. मुंबई सरकारसाठी आकडेवारी गोळा करणं हे त्याचं काम. मागच्या भिंतीवर त्याला मूर्तींच्या खुणा दिसल्या, बाजूच्या दोन भिंतींवर ओळीच्या ओळी अक्षरं दिसली. त्याने ती उतरवून घेतली, पण वाचणार कोण? त्या ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेपने पूर्ण केला तो १८३७ मध्ये. म्हणजे साइक्स भिंतीसमोर उभा होता त्या दिवशी पृथ्वीच्या पाठीवर एकाही माणसाला ती अक्षरं लागत नव्हती.

पुढचं खरं काम केलं ते जुनागढहून मुंबईला आलेल्या भगवानलाल इंद्रजींनी. विद्यापीठाची पदवी नसलेला, विशी ओलांडलेला हा तरुण डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे शिलालेखांच्या नकला करायला लागला आणि त्या कामासाठी लेणी आणि डोंगर तुडवत राहिला. आजच्या भाषेत सांगायचं तर इंटर्नच. १८७६ मध्ये त्यांनी नाणेघाटातल्या अंकांवर रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात निबंध लिहिला. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये उजेडात आणला तोही त्यांनीच. या माणसाचं नाव आपल्या मराठी शाळांच्या पुस्तकांत का नसावं, हे कळत नाही.

लेख आहे सातवाहन राणी नागनिकेचा, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. काही अभ्यासक तो त्याही आधीचा मानतात. भाषा प्राकृत. आरंभी इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपालांना वंदन; बलराम आधी आणि कृष्ण नंतर, घरातला मोठा भाऊ पुढे. मग अश्वमेध, राजसूय असे केलेले यज्ञ आणि प्रत्येक यज्ञाला दिलेली दक्षिणा: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि राजकुमारांच्या मूर्ती होत्या. त्यांच्यात एक महारठीही होता. वर कोरलेली नावं वाचता येतात, खाली पावलांपलीकडे फारसं काही उरलेलं नाही.

पण इंटर्नांना इथे न्यावं ते दक्षिणेच्या आकड्यांसाठी. एक म्हणजे एक आडवी रेघ. दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. तीन या लेखात आलेलाच नाही. चार, सहा, सात, नऊ यांना आपापली चिन्हं आहेत. दहा, वीस, ऐंशी यांना वेगळी, कारण शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. शंभरच्या चिन्हाला फाटे जोडून दोनशे-तीनशे होतात. हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह चिकटवलं की चार हजार, सहाचं चिकटवलं की सहा हजार, दहाचं चिकटवलं की दहा हजार. संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलीला ही पद्धत कागदावर मांडून द्यावी आणि भिंतीवरचा एक आकडा शोधायला सांगावा. अर्धा तास ती तिथून हलणार नाही. आज फोनवर, बँकेत, गाडीच्या पाटीवर जगभर जे अंक वापरले जातात त्यांच्या पूर्वजांचा हा सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक. तो पाहायला तिकीट नाही, रांग नाही. बाहेर माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकत असत असं सांगतात. सांगणाऱ्याचा आवाज ठाम असतो, पुरावा तितका नाही.

या सहलीवर घेतला जाणारा सगळ्यात वजनदार आक्षेप पावसाचा आहे, आणि तो खरा आहे. अमेरिकेचा 'समर' म्हणजे इथला पावसाळा. उल्हासला पूर आला की रायत्याचा पूल वाहतुकीला बंद होतो. माळशेजमध्ये दरडी कोसळतात. ठाणे जिल्हाधिकारी पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धोक्याच्या ठिकाणी मनाई आदेश काढतात, आणि ते पोलीस पाळायलाही लावतात. नाणेघाटाच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात. वर तर निराळीच जत्रा: दरीतून येणारा वारा पाण्याला उलटं वर फेकतो, त्या 'उलट्या धबधब्या'चे व्हिडिओ काढायला जुन्नर-घाटघर बाजूने गाड्यांची रीघ लागते. त्या गर्दीतले बरेच जण गुहेत डोकावतही नाहीत. भिजलेले कपडे आणि एक रील यासाठी जुलैत तिथे जाऊ नये. ज्यांना धबधबाच हवा त्यांच्याशी वाद नाही. त्यांनी हा लेख इथे सोडला तरी चालेल.

तेव्हा महिना मे. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं मेच्या पहिल्या पंधरवड्यात मोकळी होतात आणि कल्याणला पाऊस येतो तो साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. मधले तीन-चार आठवडे हाती असतात. ऊन कडक, पण पहाटे पाचला चढायला लागलं तर निम्मी वाट सावलीत. रस्त्याच्या कडेला ठाकर-कातकरी बायका पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं घेऊन बसतात, आणि त्यांच्याशी भाव करायला इंग्रजी चालत नाही. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत तीन वर्षं धडे गिरवलेल्या मुलाची परीक्षा तिथे होते. शेजारी मुरबाडचा सहकारी असेल तर तो हसतो, एक शब्द पुरवतो आणि गप्प राहतो. मावशी असती तर तिनेच करवंदं घेऊन दिली असती.

मुलींना असं पाठवायचं का, हा प्रश्न फोनवर दबक्या आवाजात येतो. कंपनीतल्या दोन-तीन सहकारी मुली बरोबर असतील तर नक्की पाठवावं. या मुली रोज सकाळी आठची कर्जत किंवा कसारा लोकल पकडतात. त्यांना एसटीची काय भीती घालणार? शिवाय १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धंच तिकीट आहे, त्यामुळे या सहलीत हिशेबाच्या वेळी मुलीच फायद्यात.

गाडी भाड्याने घ्यावी का? नको. परदेशी परवान्यावर चालवायला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, मुरबाड रस्त्यावरचे डंपर कुणाला ओळखत नाहीत, आणि गाडी वैशाखऱ्याला ठेवली की परत तिथेच उतरावं लागतं. एसटीने गेलं तर माथ्यावरून पलीकडे घाटघरला निघता येतं. उजवीकडे जीवधन किल्ला, पुढे जुन्नर, रात्री मुक्काम. दुसऱ्या दिवशी शिवनेरी किंवा लेण्याद्री, आणि दुपारच्या एसटीने आळेफाटा-माळशेज करत कल्याण. पहिल्या दिवशी ज्या सह्याद्रीवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या वाटेने पायी चढलो, त्याच डोंगरावरून दुसऱ्या दिवशी डांबरी घाटाने खाली उतरायचं. व्यापाराची वाट पायांनी मोजली की पैठणहून निघालेल्या बैलाला कल्याणला पोचेपर्यंत काय सोसावं लागत असेल याचा अंदाज येतो. पुस्तकातल्या नकाशावरच्या ठिपक्यांच्या रेषेतून तो येत नाही.

आपल्या मंडळींना आनंदीबाई जोशींच्या पोकिप्सीतल्या समाधीवर जायची हौस आहे, आणि ती चांगली हौस आहे. त्या कल्याणला जन्मल्या, १८८३ मध्ये जहाजाने न्यूयॉर्कला उतरल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. कल्याणहून परदेशी गेलेल्यांची ओळ त्यांच्यापासून सुरू होत नाही, ती कल्लिएनापासूनची आहे. मुलांना एक टोक दाखवतो तर दुसरंही दाखवायला हवं.

म्हणून मंडळाच्या युवा विभागाला विनंती: भारतात इंटर्नशिपला जाणाऱ्या मुलांसाठी दर वर्षी जे माहितीपत्रक निघतं त्यात लसीकरण आणि सिमकार्डाच्या खाली या सहलीला एक पान द्या. फार लिहायची गरज नाही. मेचा दुसरा पंधरवडा, निदान चार सहकारी, कल्याणहून जुन्नर किंवा आळेफाट्याकडची एसटी, उतरायचं वैशाखऱ्याला. जमलं तर आदल्या रात्री मुरबाडला मुक्काम. प्रत्येकी तीन लिटर पाणी, टोपी, सुटे पैसे आणि ब्राह्मी अंकांचा छापील तक्ता. वैशाखरे ते गुहा अडीच-तीन तास धरा आणि दहाच्या आत माथा गाठा. त्यानंतर कातळ तापतो आणि वाटेत पाणी मिळत नाही.